तडा कुठल्या गाडीत होता, विलास?

विलास, मला भीती वाटते.

हे तुझ्या तोंडावर मी कधी कबूल केलं नसतं. तू लगेच म्हणाला असतास, "तुला? ताय, तुझ्या तोंडाला अख्खं पेण घाबरतं, नि तुला कसली गो भीती?" पण खरं सांगते. तू गेलास त्या दिवसापासून फोन वाजला की उचलायच्या आधी मी खाली बसून घेते. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की हातातला ब्रश तसाच राहतो. आज तीन आठवडे झाले. येणारे-जाणारे म्हणतात, बहीण फारच खचली, पाठचा भाऊ ना. मी मान हलवते. मला काय खात होतं ते त्यांना काय ठाऊक.

पहिल्यापासून सांगते. आणि मधे बोलू नकोस. मेल्या, तुला मधे बोलायची फार खोड होती. बघ, निघालाच शब्द. जन्मभर तुला मेल्या म्हणत आले, आता जिभेला काय नि कसं शिकवू?

तुझा धंदा मला आधी कळायचाच नाही. दुधाच्या किटल्या नि पेपरांचे गठ्ठे वाहून दमलेल्या जुन्या गाड्या तू शोधून आणायचास, निडीला माहेरच्या अंगणात उभ्या करायचास आणि सोलायचास. मडगार्ड काढ, बाजूची झाकणं काढ, मागची लांबलचक चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, काप, तिथे वाकवलेला पाइप वेल्ड कर, वर पाटाएवढी आखूड सीट बसव. रुंद हँडल, बटणाचे खडबडीत टायर, वर चढवलेला सायलेन्सर, मागे उंच शॉकअप. झाली गाडी हलकी नि उंच, खाडीच्या बांधावर आणि डोंगराच्या वाटेवर चालणारी. "ही स्क्रॅम्बलर, नि ही स्ट्रीट ट्रॅकर," तू मला बोट दाखवून शिकवायचास. मला दोन्ही सारख्याच उपाशी दिसायच्या.

"अंगावर मास म्हणून नाय रे हिच्या," मी म्हणायचे.

"म्हणून तर पळते," तू म्हणायचास.

रंगाचं काम तू माझ्याकडे आणलंस, तेही न विचारता. पहिली पेट्रोलची टाकी पिशवीत घालून निडीहून रेल्वेने पेणला आलास आणि सासरच्या गणपतीच्या कारखान्यात माझ्या पुढ्यात ठेवलीस. चारी बाजूंनी गणपती वाळत होते, सासरे बघत होते, आणि तू म्हणालास, "याच्या पितांबराला मारतेस ना, तोच पिवळा हिला मार." मी मारला. मग तू टाकी उलटी केलीस. "हितं खाली तुझं नाव लिव." मी म्हटलं, चल, काहीतरीच. वीस वर्षं मी त्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. कितीतरी घरांतले गणपती माझ्या हाताने बघायला लागले, पण एकावरही माझं नाव नाही, नाव कारखान्याचं. त्या टाकीच्या पोटाखाली मी बारीक अक्षरात 'सुनंदा' लिहिलं आणि न्हाणीघरात जाऊन उगाच तोंड धुऊन आले. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तू डोक्यावर बसला असतास.

आणि कासूच्या खाडीकडचा तो बांध. तुझी ती पिवळी गाडी तयार झाली तेव्हा तू मला मागे बसवलंस. पाटाएवढ्या सीटवर मी पंचाहत्तर किलोची बाई, एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला चिखल, आणि मधे हातभर रुंद बांध. मी तुझा शर्ट फाटेस्तोवर धरला होता. "विल्या, उतरव मला, तुझ्या पाया पडते!" तू हसत सुटलास. बांधाच्या टोकाला गाडी थांबवलीस आणि म्हणालास, "आता तू चालव." मी चालवली. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीपेक्षा हळू, पण चालवली. त्या दिवशीची भीती चांगली होती रे. पुढे तू बसला होतास त्या भीतीच्या.

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. तुला वेल्डिंग उघडं ठेवायचं असायचं. "जोड दिसला पायजे, ताय. वर नुसता बिनरंगाचा लॅकर मार." आणि मला ते बघवायचं नाही. खरूज झाल्यासारखी ती ओबडधोबड पुळ्यांची रांग. मी म्हणायचे, लांबीची पुट्टी भरून गुळगुळीत करते, मग रंग कसा बसतो बघ. तू चिडायचास.

"तुमच्या गणपतीला तडा दिसला का तुमी बुजवता. लोखंडाला तडा दिसला का खडूनं गोल करायचा नि बोंब मारायची. ही मूर्ती नाय, ही रस्त्यावर जाते."

"मूर्ती पण रस्त्यावरच जाते, ढोल-ताशे लावून," मी म्हणायचे, आणि तू हत्यारं आवरायला लागायचास. मी जिंकायचे. दर वेळी मीच जिंकले, विलास, आणि दर वेळी लांबी भरली.

आमच्या कारखान्याची रीत तुला ठाऊकच होती. मूर्ती वाळताना तडे जातातच, शाडू असो नाही तर प्लास्टर. पण तो शब्द कारखान्यात तोंडातून काढायचा नाही. गिऱ्हाइकाच्या कानावर गेला तर मूर्ती भंगलेली ठरते, कोणी घरात नेत नाही. मी नवी नवरी असताना एकदा ओरडले होते, "अहो, हिला तडा गेलाय!" तर सासऱ्यांनी असं बघितलं की मी आठवडाभर त्यांच्यासमोर गेले नाही. मग त्यांनीच शिकवलं. "तडा डोळ्यानं बघायचा, बोटानं बुजवायचा. तोंडाचं काम नाय." वीस वर्षांत माझ्या अंगठ्याला ते इतकं अंगवळणी पडलं की डोकं दुसरीकडे असलं तरी अंगठा आपलं काम करतो.

आषाढात तू एकदम दोन चेसिस आणल्यास. एक तुझ्या स्वतःच्या नव्या गाडीची. दुसरी रोह्याच्या प्रधान मॅडमची. त्या मॅडम मला तेव्हा ओळखीच्या नव्हत्या. घराणं जमीनदारांचं, पण जमिनी गेल्या आणि घरात नुसते मास्तर उरले. त्यांची शाळा डोंगराच्या पायथ्याला, वाटेत सगळे धोंडे, आणि दोन स्कूटर त्या वाटेने खाल्ल्या होत्या. म्हणून तुझ्याकडे आल्या. दोन्ही चेसिस एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, कारण एकीचा भाग दुसरीला लागतो हा तुझा हिशेब. दोन्ही कारखान्याच्या आढ्याला तारेने शेजारी शेजारी टांगल्यास, कसायाच्या दुकानात बोकड टांगतात तशा.

आणि आषाढ म्हणजे आमच्याकडे घास गिळायला फुरसत नसते. गणपती तोंडावर आलेले. मूर्तींच्या दोन खेपांच्या मधे मी त्या चेसिसना लांबी भरत होते, एक हात इकडे, एक हात तिकडे, डोकं आखणीच्या मूर्तींत. शॉकअप अडकवायला चेसिसला जो लोखंडी कान वेल्ड केलेला असतो ना, तिथे, वेल्डिंगच्या कडेला माझ्या अंगठ्याला काहीतरी लागलं. केसाएवढी रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी लांब. मी बघितली. आणि अंगठ्याने बुजवली. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. तुझी निळी, मॅडमची शेंदरी.

भाकऱ्या थापताना आठवलं. तो तडा होता. विलासला सांगायला हवं. फोन हातात घेतलाही. पण त्याच सकाळी आपलं वाजलं होतं, "माझी गाडी पार मूर्ती करून टाकलीस" असं म्हणून तू फोन आपटला होतास. म्हटलं, गेलास उडत, उद्या सांगीन. उद्या गिऱ्हाईक आलं. परवा रंगाचा कॉम्प्रेसर बिघडला. मग विसरले. नाही, विसरले हे खोटं. बारीकच आहे, वरवरचाच असेल, तुझ्या नजरेतून सुटला म्हणजे काही नसेल, असं मी मनाला सांगत राहिले आणि शेवटी मनाने ऐकलं.

भात कापून झाला, लोकांनी वाल पेरले, आणि एका दुपारी सुजाताचा फोन आला. तुझी बायको कधी मला फोन करत नाही, तूच लावून देतोस. ती नुसती "ताई, ताई" म्हणत होती. रोह्याहून येताना निडीच्या अलीकडे, ओढ्याच्या मोरीजवळ तू पडलास. बघणारं कोणी नाही. बकऱ्या घेऊन जाणाऱ्या बाईला तू दिसलास तेव्हा सगळं संपलं होतं.

गाडी पंचनामा होऊन घरी आली. अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी मी ताडपत्री उचलली. मागचा भाग चेपलेला, आणि शॉकअपचा एक कान चेसिसपासून तुटून लोंबत होता. मोडलेल्या जागेचा रंग उडालेला, लांबी उडालेली, लोखंडावर चिखल नि गंज. काही कळायला मार्ग नाही. नागोठण्याचा मिस्त्री बघून गेला. तो म्हणाला, "पडल्यामुळं मोडला का मोडल्यामुळं पडला, देवालाच ठाव."

मला मात्र ठाव होतं की दोन चेसिसपैकी एकीच्या कानाला तडा होता, नि तो माझ्या अंगठ्याने लपवला होता. कुठल्या? मी आठवून आठवून वेडी झाले. डोळे मिटले की आढ्याला दोन चेसिस दिसायच्या, दोन्ही करड्या, दोन्ही सारख्या. अंगठ्याखालची रेघ आठवायची, पण अंगठा कुठल्या लोखंडावर होता ते नाही. डावा कान की उजवा, तेही नाही.

समजतंय ना तुला? तडा तुझ्या गाडीत असेल, तर तुला मी मारलं. आणि तुझ्या गाडीत नसेल, तर प्रधान मॅडम रोज सकाळी त्या तड्यावर बसून धोंड्यांतून शाळेत जात होत्या.

एक फोन करायचा होता. "मॅडम, गाडी चालवू नका." चार शब्द. मी केला नाही.

का, ते तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. फोन केला असता तर त्यांनी गाडी तपासली असती. तिच्यात तडा निघाला नसता, तर मग तो कुठे होता ते ठरलंच असतं. मला ते ठरायला नको होतं. लग्न झालेल्या बहिणीला सुतक तीनच दिवसांचं. पण मी तेरा दिवस निडीला बसून राहिले. कोणी म्हणालं, "ताई, कारखाना कोण बघतंय?" तर म्हणायचे, "माझा भाऊ गेलाय, सुतकात कुठे जाऊ?" सुतकाची ओढणी करून मी तोंड लपवलं.

आणि देवासमोर बसून मी काय मागितलं, ऐकतोस? ज्या देवाचे मी डोळे आखते त्याला म्हटलं, तडा त्यांच्या गाडीत असू दे. एक जिवंत बाई, म्हातारी आई सांभाळणारी, जिने माझं काही वाईट केलं नाही, तिच्या गाडीत असू दे. मागितलं आणि माझंच मला भय वाटलं. उठले, पाणी प्यायले, परत येऊन तेच मागितलं.

रंगाचं विचारायला माझा नंबर घेतल्यापासून मॅडम रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलं पाठवायच्या, खाली 'सुप्रभात' आणि एखादा सुविचार. पूर्वी मी न बघता पुसून टाकायचे. त्या तेरा दिवसांत मी त्या फुलांची वाट बघायचे. फुलं आली की कळायचं, बाई जिवंत आहे. एक दिवस साडेअकरा वाजले तरी आली नाहीत. मी विहिरीवर कपडे धूत होते, दर दोन मिनिटांनी ओले हात पुसून फोन बघत होते. सुजाता म्हणाली, "कोणाचा फोन यायचाय का, ताई?" मी तिच्यावर खेकसले, "तुला काय करायचंय?" बिचारी कपडे पिळायला लागली. बाराला जास्वंद आलं. मी तिथेच दगडावर बसले.

दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंड ठेवला. मला वाटलं, कावळा शिवणार नाही. तू शिवू देणार नाहीस. सगळे विचारतील, याचं काय राहिलंय, कोणी काय लपवतंय, आणि मला तिथे तोंड उघडावं लागेल. मी तयारी करूनच गेले होते. तर पान ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा आला. लोक म्हणाले, "सुटला बिचारा, काय मागं राह्यलं नाय त्याचं." सगळे निर्धास्त झाले. मी एकटीच त्या पानाकडे बघत राहिले. निदान तू तरी मला धरायला हवं होतंस, रे.

तेराव्याला जेवणं उरकली, पाहुणे पांगले. मी नि सुजाता पडवीत पत्रावळी गोळा करत होतो, आणि वाटेवरून तुझा आवाज आला. तुझाच. वर चढवलेल्या सायलेन्सरचा तो भकभकणारा आवाज, वळणावर गिअर उतरवतानाचा. सुजाताच्या हातातून पत्रावळी सुटल्या. शेंदरी गाडी अंगणात आली. प्रधान मॅडमनी हेल्मेट काढलं आणि गाडीवर बसूनच रडायला लागल्या.

"मला आजच कळलं हो. शाळेत कोणीतरी बोललं. काय बोलू मी तुमच्याशी? त्यांनी ही गाडी करून दिली नसती तर मी ती शाळा सोडली असती. वर्गात मुलं विचारतात, बाई, तुमची गाडी कोणी बनवली? मी तुमच्या विलासचं नाव सांगते."

सुजाताने चहा टाकला. मी समोर बसले. त्यांच्याकडे बघत नव्हते, गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत होते. मॅडम दोन घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता बघा, एवढ्यात मागून करकर आवाज यायला लागलाय. काल आईला मागे बसवून दवाखान्यात नेलं, तेव्हा तर फारच. म्हटलं, विलासला दाखवू..." आणि थांबल्या. परत डोळे पुसले.

मी काय बोलले सांगू? मी म्हटलं, "साखर बरोबर झालीय ना?"

एवढी घाबरट बहीण तुला मिळाली. बोलायला तोंड उघडलं, आणि आतून साखर निघाली. मॅडम उठल्या, सुजाताला पोटाशी धरलं, हेल्मेट घातलं. मी ओट्यावर उभी. त्यांनी किक मारली, गाडी वळवली, आणि मागचा भाग करकरला. दाराची बिजागरी करकरते तसा. मी तो ऐकला.

मग मी पळाले. या गुडघ्यांनी, पातळाचा काष्टा सुटायच्या बेतात, पळाले, आणि पुढच्या चाकासमोर जाऊन हँडल धरलं.

"उतरा."

"काय झालं, ताई?"

"उतरा म्हणते ना! बंद करा ती! उतरा खाली!"

अशी ओरडले की शेजारची माणसं बाहेर आली. मॅडम घाबरून उतरल्या. मी पडवीत गेले, तुझ्या फळीवरून पॉलिश पेपर घेतला. तेरा दिवसांत पहिल्यांदा तुझ्या वस्तूंना हात लावत होते. गाडीच्या मागे उकिडवी बसले आणि उजव्या कानाचा रंग घासायला लागले. माझाच रंग, चार हात मारलेला, निघता निघेना. शेंदरी गेला, करडा गेला, लांबीची भुकटी उडाली, आणि खाली लोखंड चमकलं. स्वच्छ. वेल्डिंगच्या तुझ्या पुळ्या, एकीला एक लागून, कुठे रेघ नाही.

म्हणजे तुझ्याच गाडीत.

सुजाता वाकून म्हणाली, "ताई, काय शोधताय?" मी सरकत सरकत डाव्या कानाशी गेले. परत घासायला लागले. शेंदरी. करडा. लांबी. लांबी निघतच राहिली, कारण ती आत गेली होती. आणि मग तो दिसला. तांदळाचा दाणा आता दाणा राहिला नव्हता. कानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला होता. नखभर लोखंड तेवढं धरून होतं.

मॅडमनी वाकून बघितलं आणि मातीतच बसल्या. "काल आई होती मागे," त्या म्हणाल्या. "काल आई होती हो मागे."

आणि विलास, खोटं कशाला बोलू तुझ्याशी, मला आनंद झाला. इतका की हसू फुटेल असं वाटलं. तडा इथे होता. तुझा कान पडल्यामुळे मोडला, मोडल्यामुळे तू पडला नाहीस. तुला मी मारलं नाही. समोर एक बाई पांढरीफटक पडून मातीत बसली होती, आणि मी मनात देवाला हात जोडत होते.

सुजाता माझ्याकडे बघत होती. ती हुशार आहे, तुला कधी कळलं नाही तेवढी हुशार आहे. तिने हळूच विचारलं, "तुम्हाला ठाव होतं?"

"व्हय."

"त्यांच्या गाडीत हाय, का यांच्या?"

"ते नव्हतं ठाव."

"तेरा दिवस?"

"व्हय."

ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणला, मॅडमना दिला. मला विचारलं नाही. अजून ती माझ्याशी धड बोलत नाही, आणि मी काही म्हणत नाही. बरोबर आहे तिचं. पेणला परत आल्यापासून मी तुझी बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून बोलावतेय, त्यांच्या गाड्यांचे सगळे जोड खरवडून बघतेय. तीन झाल्या, काही निघालं नाही. दोन यायच्या आहेत. म्हणून म्हटलं, अजून फोन वाजला की मी आधी खाली बसते. आता सगळे जोड उघडेच ठेवते, वर बिनरंगाचा लॅकर. तू जिंकलास, बस.

पण ती दुपार सांगायची राहिली. मॅडम पाणी प्यायल्या, जरा सावरल्या. म्हणाल्या, "ताई, आता हिचं काय करायचं? दुरुस्त होईल का?" मी गाडीशीच बसले होते, अंगावरून ओझं उतरलेलं, डोकं हलकं झालेलं, बोट त्या तड्यावर. आणि मी मान वर न करता हाक मारली.

"विल्या, हिकडं ये जरा. हा कान अख्खा कापायचा का नुसता वेल्ड मारून भागेल, बघ."

बोलून गेले आणि वाट बघत बसले. तू चप्पल घासत येशील म्हणून. अंगणात चप्पल वाजली नाही. तेरा दिवस माझे डोळे वाहत होते, पण ते सगळं रडणं माझ्यासाठी होतं, माझं काय होईल म्हणून. तू गेलास, हे मला तिथे बसल्यावर कळलं, आणि मग मी तुझ्यासाठी रडले.